जाताना हरायचं असतं

व्यावसायिक कुस्तीतल्या एखाद्या दिग्गजाने 'आता बास' म्हटलं, की मी लगेच गहिवरून जात नाही. या लोकांचा इतिहास तसा चांगला नाही. टेरी फंक १९८३ साली जपानमध्ये निवृत्त झाला, पब्लिक धाय मोकलून रडलं आणि पुढच्याच वर्षी गडी परत रिंगमध्ये हजर. नंतर तो इतक्यांदा निवृत्त झाला की रडणाऱ्यांनीच हात टेकले. रिक फ्लेअरने २००८च्या रेसलमेनियात, म्हणजे या धंद्याच्या सगळ्यात मोठ्या वार्षिक जत्रेत, सगळ्यांना रडवून निरोप घेतला. त्याची 'शेवटची' लढत मात्र झाली २०२२च्या जुलैमध्ये, वयाच्या ७३व्या वर्षी. अंडरटेकरने तर २०१७ साली हातमोजे, कोट आणि हॅट रिंगच्या मधोमध ठेवून काळोखात जाण्याचा काय सुंदर सोहळा केला होता! वर्षभराने स्वारी परत आली आणि तीन मिनिटांच्या आत जॉन सीनाला झोपवून गेली.

त्याच सीनाने १३ डिसेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये शेवटची लढत खेळली. २००२ साली टीव्हीवर आलेला हा माणूस १७ वेळा जगज्जेता झाला, फ्लेअरचा १६चा विक्रम त्याने मोडला. आणि शेवटच्या रात्री तो गुंथर नावाच्या धिप्पाड ऑस्ट्रियन पैलवानाकडून हरला.

'अरे, पण ते सगळं ठरलेलंच असतं ना!' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. घरात कुणीतरी खोलीतून जाता जाता ते टाकायचंच, जणू आम्हाला ते माहीतच नव्हतं. असतं ठरलेलं. पण खरी गंमत तिथूनच सुरू होते. निकाल आधीच ठरवता येत असेल, तर निवृत्तीच्या दिवशी तुम्ही स्वतःसाठी काय ठरवाल? मी तर साहेबाला चारी मुंड्या चीत करूनच घरी जाईन. या धंद्याची जुनी रीत मात्र नेमकी उलटी. जाणाऱ्याने जाताना पाठ टेकायची, आणि तीही शक्यतो अशा माणसापुढे ज्याला अजून बरीच वर्षं खेळायचंय.

कारण रोकडं आहे. वीस-वीस वर्षं जिंकून जमवलेला दबदबा घरी नेऊन काही उपयोगाचा नसतो. तो दुसऱ्याच्या नावावर करायचा एकच मार्ग आहे, त्याच्याकडून हरणं. स्टिंग नावाच्या जुन्या दिग्गजाने हे केलं नाही. २०२४च्या मार्चमध्ये ग्रीन्सबरोला, वयाच्या ६४व्या वर्षी तो आपल्या तरुण जोडीदारासह जिंकला, आणि मग त्यांचे जोडीच्या अजिंक्यपदाचे पट्टे रिकामे करावे लागले. चाव्या कमरेला तशाच लावून निघून जावं, तसं. (त्या रात्री त्याची दोन्ही मुलं त्याच्याच जुन्या वेशात रिंगमध्ये आली, तेव्हा मला चाव्याबिव्यांचं काही सुचलं नाही, हेही खरं.)

हरणं हे या कलेतलं सगळ्यात अवघड काम आहे. उचलून आपटणाऱ्याकडे आपण बघत बसतो, पण अर्धी उडी आपटला जाणारा स्वतःच मारत असतो. हनुवटी छातीशी घट्ट, म्हणजे डोकं मागे आदळत नाही. पाठ एकदम सपाट टेकवायची, म्हणजे मार एका जागी बसत नाही. दोन्ही हात त्याच क्षणी खाली आपटायचे. रिंग म्हणजे काही गादी नव्हे. लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या, त्यावर बेताचा फोम आणि वर ताणलेलं कॅनव्हास. तो धाडकन येणारा आवाज फळ्यांचा. आणि पडायचं कसं, ते बरोबर केलं तरी मानेचे मणके हिशोब ठेवतातच. एज नावाच्या पैलवानाला २०११ साली मानेच्या दुखण्यामुळे खेळ सोडावा लागला, तोही जगज्जेता असताना. ते कुणी लिहून दिलेलं नव्हतं. नऊ वर्षांनी तो परतला, हा भाग वेगळा.

तर सीना. गुंथरने त्याच्या गळ्याला विळखा घातला. सीना सुटला, परत सापडला, दोरांकडे सरपटला, परत सापडला. ज्या माणसाच्या टॉवेलवर 'कधीच हार मानू नका' असं छापलेलं असायचं, ज्याने आजारी पोरांच्या साडेसहाशेहून जास्त इच्छा पूर्ण केल्या, त्याने आता शुद्ध हरपेपर्यंत तरी हात आपटायला, म्हणजे हार कबूल करायला, नको, असं अख्ख्या स्टेडियमला वाटत होतं. बेशुद्ध होऊन हरला असता तर चाललं असतं. ती पळवाट मोकळी होती. पण त्याने डोळे उघडले, चक्क हसला, आणि हात आपटला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच.

लोक खवळले. नंतर हे निकाल ठरवणाऱ्यांचा म्होरक्या ट्रिपल एच रिंगकडे आला तर त्याची हुर्यो उडवली. खवळणारच. पण सीना हसला, ते मला फार बरं वाटलं. शेवटच्या दिवशीही हा माणूस ड्यूटीवर होता. २००२ साली कर्ट अँगलसमोर पहिल्यांदा उतरला होता, तेव्हाही तो हरलाच होता. तेव्हा मात्र हरण्यातून द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं.

आता गुंथरची काय चैन आहे बघा. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने गोल्डबर्ग या दुसऱ्या दिग्गजालाही अशीच शेवटची पाठ टेकवली होती. दोघांचं देणं एकट्याच्या गाठीला, आणि पब्लिकच्या शिव्या वरकड. उद्या एखादा नवखा पोरगा येईल, गुंथरला लोळवेल, आणि सीनाचं जे काय असेल ते त्याच्या पदरात पडेल. गुंथर तेव्हा नीट हरेल ना, एवढीच मला धाकधूक आहे.