चेन रूल, सहावा आठवडा: राहून गेलेली कडी

रोज रात्री अर्धा तास कॅल्क्युलस, हा नेम अजून टिकलाय. या आठवड्यात फक्त चेन रूल, म्हणजे एका फलाच्या (फंक्शनच्या) आत दुसरं फल असेल तेव्हा विकलन, म्हणजे बदलाचा दर, काढायचा नियम. नियम पाठ होता: बाहेरच्या फलाचं विकलन करा, आतलं जसंच्या तसं ठेवा, मग आतल्याच्या विकलनाने गुणा. घोडं अडायचं ते बाहेरचं कोणतं हे ओळखण्यात. साइन(क्ष-वर्ग) आणि (साइन क्ष)चा वर्ग यांत मी सलग तीन दिवस गफलत केली. आता क्षच्या जागी एखादी संख्या घालून बघतो. किंमत काढताना जी क्रिया सगळ्यात शेवटी येते, ती बाहेरची. पहिल्यात शेवटी साइन, म्हणून २क्ष × कॉस(क्ष-वर्ग). दुसऱ्यात शेवटी वर्ग, म्हणून २ × साइन क्ष × कॉस क्ष.

खरी गंमत मंगळवारी झाली. पडताळा म्हणून पहिल्या फलाची किंमत १ आणि १.००१ ला काढली, फरकाला ०.००१ ने भागलं. आलं ०.०३४९. सूत्रात १ घातला, तर १.९९९७! तासभर कागदावर चूक शोधली. कागदावर ती नव्हतीच; कॅल्क्युलेटर अंशांवर होता. रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) आणला, दोन्हीकडे १.०८ आलं, वही मिटली.

झोप मात्र येईना. उठून ०.०३४९ ला १.९९९७ ने भागलं: ०.०१७४५, म्हणजे पाय भागिले १८०. अंशांतला साइन काढायचा म्हणजे आधी अंशांचे रेडियन करायचे, मग साइन घ्यायचा. आत आणखी एक फल दडलेलं होतं, त्याचं विकलन पाय/१८०, आणि तेवढीच कडी माझ्या सूत्रातून गळली होती. कॅल्क्युलसवाले रेडियनला का चिकटून असतात, ते आत्ता कळलं: तिथे ही कडी १ असते.

(कॅल्क्युलसच्या जनकांपैकी एक असलेल्या लायब्निट्सच्या १६७६ च्या टिपणात वर्गमुळाखालच्या पदावलीचं असंच विकलन आहे, तेही चिन्हाच्या चुकीसकट. मला जरा धीर आला.)

तीन थरही जमले. ई-चा घात साइन(क्ष-वर्ग) घेतला. १ ला सूत्र आणि पडताळा दोन्ही २.५१.

क्षचा क्ष-वा घात मात्र नडतोय. शेवटची क्रिया घात हे खरं, पण पाया आणि घातांक दोन्ही हलतात. दोन्ही बाजूंचा लॉग घेऊन बघतोय.