नाडीचा वळ

रविवार कारंजाजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. 22 वर्षांत किती बायकांच्या सुरकुत्या फोटोशॉपमध्ये पुसल्या, मोजदाद नाही. ‘ताई, जरा तरुण दिसू द्या’ हे रोजचंच. पंचवटीच्या काकू मात्र नवऱ्याचा फोटो मोठा करून न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “सुरकुत्या राहू दे हं.” मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना ॲन नॉगलचे फोटो दाखवले. दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेली ही अमेरिकन बाई. पन्नाशी ओलांडल्यावर, 1975 साली, तिने चेहरा ताणून घ्यायची शस्त्रक्रिया केली आणि टाक्यांसकट सुजलेल्या चेहऱ्याचे फोटो स्वतःच काढले. काकू बघतच राहिल्या.

महिन्याभराने पुन्हा दारात. “मला माझाच फोटो काढायचाय. बटण माझ्याकडे दे, तू बाहेर बस.”

वय 67. दवाखान्यात आयाबाई होत्या, जन्मभर दुसऱ्यांची अंगं पुसली.

मी फ्लॅश लावलेच नाहीत. समोरून उजेड पडला की कातडी सपाट दिसते, बाजूने आला की घडीघडीला सावली मिळते. म्हणून एकच खिडकी उघडी ठेवली. त्या उभ्या राहणार तिथे स्टूल ठेवून फोकस पक्का केला, फरशीवर खडूने खूण केली, रिमोट हातात दिला आणि पडदा ओढला.

वीस मिनिटं काहीच नाही. मग एक क्लिक. बऱ्याच वेळाने दुसरा. मग थांबेचनात.

41 फोटो निघाले. बहुतेकांत चेहराच नव्हता. मनगटावरचं गोंदण, हिरवं, कडा फुटून पसरलेलं. ओघळलेलं पोट. आणि कमरेभोवती परकराच्या नाडीचा वळ: काळपट, गुळगुळीत, दोरी कातडीतच मुरल्यासारखा.

“सोळाव्या वर्षापासूनचा आहे,” काकू म्हणाल्या. “इथे जखम होऊन भरेना, तर अंगावर काढू नये बरं. कॅन्सरसुद्धा होतो.”

माझा हात नकळत माझ्या कमरेकडे गेला.

“हाच मोठा कर.”

“केवढा?”

“यांचा केलास तेवढाच.”

म्हणजे 12 बाय 18. मी मॅट कागद घेतला. चकचकीत कागदावर त्या वळाची स्वतःची चमक दिसली नसती.