बापूंचा पखवाज आणि मंगळवेढ्याची वाट

सोलापूरहून आषाढीला पायी निघून मंगळवेढ्याची वाट धरली तर पंढरपूर साधारण ८० किलोमीटर पडतं. तिऱ्ह्याला सीना, माचणूरला भीमा, मधे कामती आणि बेगमपूर. शेगावच्या गजानन महाराजांची पालखीही सोलापुरातून मंगळवेढ्यामार्गेच पंढरीला जाते. याच वाटेवर आमच्या दिंडीचा पखवाज बापूंच्या गळ्यात असायचा. आता बापू नाहीत. गिरणीची पाळी, घरचा प्रपंच आणि वारी हे तिन्ही त्यांनी जन्मभर निभावलं. त्यांनी घालून दिलेली रीत मात्र आहे, आणि आम्ही आजही तिच्यावरच चालतो.

रीत सुरू होते प्रस्थानाच्या आधी, घरात. पखवाज खोळीतून काढून वाद्या, म्हणजे ताणाच्या चामडी पट्ट्या, बघायच्या. कुठे चिरलेली वादी दिसली तर ती वाटेत तुटणारच, म्हणून ती घरीच बदलून घ्यायची. मग शाईची पुडी, म्हणजे उजव्या तोंडाचं कातडं, सुरात आणायची. वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे खाली सरकवले की वादी ताणते आणि सूर चढतो. बारीक फरक गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या काठावर, हातोडीनं काढायचा. एका घरावर, म्हणजे दोन वाद्यांमधल्या जागेवर, ठोका मारला की पुढचा समोरच्या घरावर. एकाच अंगानं ठोकत गेलं तर पुडी तिकडे ओढली जाते आणि प्रत्येक घर वेगळं बोलायला लागतं. ही चूक शिकाऊ मुलं हमखास करतात.

धुमेची, म्हणजे डाव्या तोंडाची, कणीक हे तर बापूंच्या घरचंच काम. गव्हाचं पीठ बारीक चाळणीनं चाळायचं, मीठ-तेल न घालता पोळीच्या कणकेहून थोडं सैल मळायचं. पुडीच्या मध्यावर ओलं बोट फिरवून मुठीत मावेल एवढा गोळा तिथे थापायचा, कडेला पातळ करत न्यायचा. जास्त झाली तर धूम दबते, कमी झाली तर पोकळ वाजते. आपल्याकडे आषाढात पावसापेक्षा वाराच जास्त. उघड्या रानात कणकेच्या कडा बघता बघता वाळतात, तडकतात आणि वाजवता वाजवता ढलप्या उडतात. म्हणून बापूंच्या सूनबाई मळलेला गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घेतात. सकाळची कणीक संध्याकाळी वापरायची नाही, ती आंबून चिकट होते. मुक्कामाला पोचल्यावर ती खरवडून काढायची आणि पुडी पुसून घ्यायची. राहिली तर रात्री उंदीर येतो आणि कणकेबरोबर कातडंही कुरतडतो.

पाऊस आलाच तर पखवाज आधी प्लास्टिकात, माणसं नंतर. दमट हवेनं कातडं सैल पडतं, सूर उतरतो. अशा वेळी हातोडी उचलायची नाही, हे बापूंचं सक्त सांगणं. ओली पुडी ताणून सुरात आणली आणि तासाभरात ऊन पडलं तर ती आकसते आणि गजऱ्याजवळ फाटते. तोवर भजन उतरल्या पट्टीत गायचं. गाणाऱ्यानं वाद्याला सांभाळून घ्यावं.

चालताना पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मधे पखवाज, त्यामागे वीणा आणि शेवटी डोक्यावर तुळस घेतलेल्या आयाबाया. वीणा खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, पायांवर डोकं ठेवून. पखवाज आठ-दहा किलोचा, पट्टा अरुंद असेल तर पहिल्याच टप्प्यात मान धरते. तीन बोटं रुंद पट्टा आणि मानेवर दुहेरी उपरणं हवं, आणि बदलीला दुसरा वादक कायम हाताशी हवा.

भजनी ठेका ८ मात्रांचा. बापू त्याचं एक आवर्तन चार पावलांत बसवायचे. ऐकायला सोपं, पण लय चढते ती नेमकी इथेच. शेवटच्या रांगेला आवाज किंचित उशिरा पोचतो, तिथले टाळ मागे पडल्यासारखे वाटतात, मग तो उशीर भरून काढायला ते घाई करतात. पुढचेही त्यांच्या ओढीनं धावतात, आणि तुळसवाल्या बायका शंभर पावलं मागे राहतात. यावर उपाय एकच: टाळकऱ्यांनी ऐकण्यापेक्षा पखवाजवाल्याचा हात बघायचा. वाजवणारा मधे असतो तो सगळ्यांना दिसावा म्हणूनच. मागच्या गाडीवर कर्णा लावून भजन वाढत नाही, दोन ठिकाणांहून आवाज आला की लय फुटते, असं आमचं ठाम मत आहे.

शिदोरीत ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. भाकरीत ओल राहिली तर डब्यात बुरशी धरते, म्हणून ती पूर्ण वाळल्यावरच बांधायची. काळ्या रानातून आडवाट घेऊ नये. एक सर पडली तरी चिखल वहाणेला असा धरतो की पाऊल उचलत नाही.

मंगळवेढ्यात आमचं भजन लांबतं. गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळून चोखोबा इथेच गेले, साल १३३८. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी नेऊन महाद्वारासमोर समाधी केली. चोखोबांचं सगळं घर अभंग रचणारं: पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, तिचे यजमान बंका, मुलगा कर्ममेळा. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभं राहू दिलं नाही, त्यांनी घरच्या घरी एवढं उभं केलं. बापू इथे पाचही जणांचे अभंग म्हणायला लावत, एकट्या चोखोबांवर थांबू देत नसत. सोयराबाईंचे अभंग बायकांनीच उचलायचे, हाही त्यांचाच दंडक.

आता पखवाज बापूंच्या नातीच्या गळ्यात आहे. डाव्या हाताचा घुमारा अजून कमी पडतो, ठेका मात्र पक्का आहे. पंढरपुरात नामदेव पायरीशी पहिलं भजन, एकादशीला नगरप्रदक्षिणा, आणि पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की परतीची तयारी. घरी आल्यावर गठ्ठे थोडे वर घेऊन ताण उतरवायचा, धूम कोरड्या फडक्यानं पुसायची आणि पखवाज ओल न येणाऱ्या भिंतीला आडवा टांगायचा. शाई तडकली असेल तर पुडी आत्ताच भरायला द्यावी. कार्तिकीच्या तोंडावर कारागिराकडे रांग लागते.