आमची वाटचाल : चासी घासल्याशिवाय गाडी नाही

2008 साली इचलकरंजीत एका टेबलावर ट्रान्सपोर्टचं बुकिंग ऑफिस उघडलं. स्वतःची गाडी एकही नाही. बाजारातून गाडी लावायची, ग्रे कापड, म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड भरायचं, राजस्थानात बालोत्रा, पाली, गुजरातेत जेतपूरला पोचवायचं. पहिली 11 वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते 2019 च्या दिवाळीआधीचं.

त्या आठवड्यात गाड्याच नव्हत्या. एका दलालाचा फोन आला : परतीची गाडी आहे, भाडंही 3,000 नं कमी. आरसी, विमा, फिटनेस, नॅशनल परमिट, सगळ्याचे फोटो व्हॉट्सॲपवर. मी ॲपवर नंबर टाकून बघितला, सगळं चालू. ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचं जीएसटीचं ऑनलाइन बिल, त्याच्या भाग 'ब'मध्ये गाडीचा नंबर असतो, तिथेही तोच गेला. 14 लाखांचा माल संध्याकाळी निघाला, दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरचा फोन बंद. पोलिसांनी त्या नंबरची गाडी शोधली, तर ती गांधीधामला मीठ भरत उभी! तिचा मालक आमच्यापेक्षा जास्त घाबरलेला. कागद त्याच्या गाडीचे, अगदी खरे. आमच्या दारात आली होती ती दुसरीच, त्याचा नंबर चढवलेली.

शेजारच्या ऑफिसवाला आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "बिल्टीवर, मालाच्या पावतीवर, जादा जोखमीचा दर लावलेला नाही ना? मग भाड्याच्या दहापट दे आणि मोकळा हो. कायदाच आहे तसा." हा सल्ला मला. आणि माझ्या पार्ट्यांना, म्हणजे गिऱ्हाइकांना, त्याचा फोन काय, तर "त्यांचा माल निघतो, पोचत नाही." 7 पार्ट्या गेल्या. त्याच माणसानं आदल्या महिन्यात फिटनेस संपलेली गाडी लावली होती, ते मात्र कुणी काढलं नाही.

माल अण्णांचा होता. आमचे पहिल्या दिवसापासूनचे कापडवाले. ते ऑफिसात येऊन दहा मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "जमतील तसे दे. उद्याच्या गाठी पडून आहेत, गाडी तूच लावणार ना?" प्लॉट विकला, 26 महिन्यांत पै न् पै फेडली. दहापटीचं नाव काढलं नाही.

तेव्हापासून ड्रॉवरमध्ये तारेचा ब्रश, टॉर्च, पातळ कागद आणि मऊ पेन्सिल. चासी नंबर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर ठोकलेला तिचा स्वतःचा नंबर, ग्रीस आणि गंजाखाली दडलेला असतो. आधी डिझेलच्या बोळ्यानं पुसायचं, मग ब्रश मारायचा, मग कागद दाबून धरून पेन्सिल आडवी घासायची. आकडे पांढरे उठतात. ते मूळ आरसीशी ताडायचे, मोबाइलमधल्या फोटोशी नाही. एखादा आकडा ओळीबाहेर दिसला, शेजारी ग्राइंडरचे ओरखडे दिसले, की गाडी परत. ड्रायव्हर शिव्या देतात. देऊ देत. अण्णा अजूनही फोनवर आधी एवढंच विचारतात, "घासलं का?"

कापडवाल्यांनो, विचारलं नाहीत तरी सांगतो. सहा चाकी गाडी 12 वर्षांपुढे गेली की तिला नॅशनल परमिट मिळत नाही, मल्टी-ॲक्सलला, म्हणजे दोनपेक्षा जास्त ॲक्सल असलेलीला, 15. आरसीवरची तारीख बघायला कितीसा वेळ लागतो? आणि गाडीच्या आधी ट्रान्सपोर्टवाल्याला तपासा. 2007 च्या कायद्यानं, जो 2011 पासून लागू आहे, कॉमन कॅरिअर, म्हणजे भाडं घेऊन लोकांचा माल नेणारा, अशी नोंदणी असल्याशिवाय हा धंदाच करता येत नाही. सर्टिफिकेट 10 वर्षांचं असतं, मुदत बघा. भाड्यात 200 रुपये सोडा म्हणून तासभर वाद घालणारे खूप भेटले. सर्टिफिकेट आजवर दोघांनी मागितलं. आम्ही ते काच लावून भिंतीवर टांगलंय, तर लोक त्याच्या खालच्या कॅलेंडरातली अमावस्या बघतात.

गेल्या महिन्यात शेजारच्या ऑफिसातला पोरगा आला. साहेबांनी ब्रश मागितलाय म्हणाला, कुठली तरी गाडी बघायचीय. कागद आणि पेन्सिलही दिली, कशी घासायची तेही दाखवलं.

ब्रश अजून परत आलेला नाही.