कान टवकारून बसायची संध्याकाळ

आमच्या मंडळाच्या गॅदरिंगमध्ये भाषणं असायची, नाटुकली असायची, बक्षीस समारंभ तर असायचाच, पण आम्ही सगळे वाट बघायचो ती शेवटच्या संध्याकाळची, कारण त्या संध्याकाळी अल्बमची क्विझ. स्टेजवर एक टेबल, त्यावर रेकॉर्ड प्लेयर आणि सीडी प्लेयर, दोन्ही बाजूंना कमरेएवढे स्पीकर आणि मधोमध काका. म्हणजे कुणाचे सख्खे काका नव्हेत, अख्ख्या मंडळाचेच काका. त्यांचा एकच नियम होता, ज्याचं उत्तर ऐकू येत नाही किंवा कव्हरवर दिसत नाही तो प्रश्न विचारायचा नाही. कुठला अल्बम किती खपला, किती आठवडे पहिल्या नंबरवर होता असले प्रश्न कुणी लिहून आणले की चिठ्ठी हळूच परत यायची, "हे पाठांतर झालं बाळा, ऐकणं नाही झालं."

मी पहिल्यांदा टीममध्ये बसले तेव्हा शाळेत होते. पहिलाच प्रश्न आला, बीच बॉईजच्या १९६६ च्या 'पेट साउंड्स' अल्बमचा शेवटचा आवाज कुणाचा? आम्ही बँडमधल्या एकेकाची नावं घेत बसलो, समोरच्या टीमनेही तेच केलं, मग काकांनी शेवटचं गाणं लावलं. गाणं विरत गेलं, एक ट्रेन धडधडत गेली आणि तिच्या मागून दोन कुत्री भुंकायला लागली. बँडमधल्या ब्रायन विल्सनची स्वतःची कुत्री, बनाना आणि लुई. अख्खा हॉल हसला, आणि मला आठवतं, मी हसता हसता एकदम गप्प झाले, कारण हा अल्बम घरी दादाच्या खोलीतून कितीतरी वेळा कानावर पडला होता आणि ती कुत्री मी एकदाही ऐकली नव्हती. मग काकांनी गाण्याची सुरुवात परत लावली, तो सुरुवातीचा ठोका ड्रमचा नाही, पाण्याचा रिकामा मोठा जार वाजवलाय. अल्बम करताना विल्सन अवघा २३ वर्षांचा, उजव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून त्याने हे सगळं मोनोत केलं, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला वेगळं काही नाही, दोन्हीकडे एकच आवाज. एका कानाने ऐकणाऱ्या माणसाने इतके थर रचलेत आणि आम्ही दोन्ही कान शाबूत असून वरवर ऐकत होतो, हे त्या दिवशी जे डोक्यात बसलं ते बसलंच.

काकांची पद्धत अशी की उत्तर बरोबर येवो नाहीतर चूक, ते वाजवून दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्यामुळे दहा-बारा प्रश्नांना तीन-तीन तास लागायचे आणि कुणी उठायचं नाही.

बीटल्सचा 'सार्जंट पेपर' तर जवळपास दरवर्षी यायचा. १९६७ चा अल्बम, चार ट्रॅकच्या (आवाजाच्या चार वेगळ्या पट्ट्यांच्या) मशीनवर केलेला, म्हणजे चार ट्रॅक भरले की ते दुसऱ्या मशीनवर एकत्र उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढचं भरायचं. ग्रॅमी या अमेरिकन संगीत पुरस्कारांतला अल्बम ऑफ द इयर मिळवणारा हा पहिला रॉक अल्बम, पण हे काका जाता जाता सांगायचे. त्यांना रस होता शेवटच्या सुरावटीत. तीन पियानोंवर सगळ्यांनी एकदम हात मारले आणि तो नाद चाळीस सेकंदांहून जास्त टिकवला, नाद विरत जाईल तसतसा इंजिनियर आवाजाची पातळी वर नेत गेला, त्यामुळे शेवटी शेवटी स्टुडिओतली शांतता पण ऐकू येते आणि त्या शांततेत एक खुर्ची करकरते. प्रश्न होता, काय ऐकू येतं? काकांनी व्हॉल्यूम चढवला, शंभरेक माणसं श्वास रोखून बसली, आणि नेमकी तेव्हाच आमच्या हॉलमधल्या तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची करकरली, चार जण एकदम ओरडले "हीच हीच!" आणि सगळं परत पहिल्यापासून लावावं लागलं. दुसऱ्या वेळी खरी ऐकू आली. त्या करकरीला जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या नाटकाला पण पडल्या नसतील.

त्याच अल्बमची अजून एक गंमत. हे सगळं संपल्यावर शेवटी त्यांनी १५ हजार हर्ट्झच्या आसपासचा एक बारीक सूर टाकून ठेवलाय, माणसांना जेमतेम आणि कुत्र्यांना नीट ऐकू यावा असा. काकांनी सीडीवर तो लावला. पुढच्या रांगेतली पोरं कान झाकून ओरडायला लागली आणि मागचे आजी-आजोबा शांतपणे विचारताहेत, "अहो, सुरू कधी करताय?" वय वाढलं की वरचे सूर आधी जातात. काका स्वतः म्हणाले, "मला आता नाही येत ऐकू, पोरांनो, आहे ना तो? सांगा." आणि पोरांनी मान डोलावली की त्यांनी वहीत खूण केली. तो प्रसंग मला आमच्या सगळ्या गॅदरिंगमध्ये सगळ्यात जवळचा आहे, क्विझमास्तर उत्तरासाठी पहिली-दुसरीतल्या मुलांवर विसंबून बसलेला.

माझा स्वतःचा सगळ्यात लाडका अल्बम मला याच क्विझमध्ये भेटला, मार्विन गेचा १९७१ चा 'व्हॉट्स गोइंग ऑन'. प्रश्न असा होता की सुरुवातीला जे लोक गप्पा मारताहेत ते गायक आहेत का? नाहीत. त्यात मेल फार आणि लेम बार्नी आहेत, डेट्रॉइटच्या संघातून अमेरिकन फुटबॉल खेळणारे मार्विनचे मित्र, आणि ती पार्टी स्टुडिओतच रंगवलेली. मग तो सॅक्सोफोन येतो. इलाय फाँटेन नावाचा वादक नुसता हात मोकळा करत होता, खरं रेकॉर्डिंग सुरू व्हायचंय असं समजून, आणि मार्विनने त्याला सांगितलं की झालं तुझं काम, तू घरी जाऊ शकतोस. आणि आवाज, तो तर अजून मोठा योगायोग. इंजिनियरने तुलना करायला म्हणून मार्विनने दोनदा गायलेले दोन वेगवेगळे टेक एकाच टेपवर ठेवले होते, ते चुकून एकदम वाजले आणि मार्विनला स्वतःशीच बोलणारा मार्विन ऐकू आला, तो त्याने तसाच ठेवला आणि पुढे गात राहिला त्याच पद्धतीने. काकांनी हे सांगून झाल्यावर पूर्ण पहिली बाजू लावली, क्विझ थांबवून, कारण त्या बाजूची गाणी एकमेकांत मिसळत जातात, मधे सुई उचलता येत नाही. शिवाय कव्हर फिरवून दाखवलं, आत वादकांची नावं छापलीयत, मोटाउन कंपनीने त्याआधी इतकी वर्षं हिट गाणी काढली पण वाजवणाऱ्यांची नावं अल्बमवर येत नव्हती. २०२० मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकाने त्यांच्या ५०० अल्बमच्या यादीत याला पहिला नंबर दिला तेव्हा मला स्वतःच्या घरात बक्षीस आल्यासारखं झालं, त्याआधीच्या दोन याद्यांमध्ये पहिला होता 'सार्जंट पेपर', म्हणजे आमच्या काकांची दोन्ही लाडकी लेकरं.

फ्लीटवूड मॅकच्या 'रूमर्स'मध्ये एका गाण्याला ताल खुर्चीच्या बैठकीवर धरलाय, स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' घरी चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर भरलाय आणि ती कॅसेट तो कव्हरशिवाय खिशात घेऊन फिरला होता, बँडबरोबर परत रेकॉर्ड करून बघितलं पण ती मजा येईना म्हणून शेवटी कॅसेटच अल्बम म्हणून बाहेर आली. असले प्रश्न आम्ही पटापट सोडवायचो. कॅसेटवाल्या प्रश्नाला मात्र हॉलमधल्या आमच्या वयाच्या सगळ्यांनी मागची ती बारीक सरसर लगेच ओळखली, ती आमच्या लहानपणीच्या प्रत्येक गाण्यामागे होती.

एका वर्षी काका आजारी होते तर शाळेतल्या बाईंनी क्विझ घेतली. बाईंनी लॉरिन हिलचा १९९८ चा 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' आणला होता. सुरुवातीलाच शाळेची घंटा वाजते, शिक्षक हजेरी घेतात, एकेक मूल हजेरी देतं, आणि लॉरिन हिल हे नाव आलं की कुणीच ओ देत नाही, पुन्हा हाक, पुन्हा शांतता. बाईंनी विचारलं, हे शिक्षक कोण? आवाज होता रास बराका यांचा, कवी, नंतर न्यूअर्कचे महापौर झाले. हिपहॉपला अल्बम ऑफ द इयर मिळाला तो पहिल्यांदा याच अल्बमला, १९९९ मध्ये, पण आमच्या पोरांना त्याचं काय, त्यांना हजेरी आवडली. पुढच्या वर्षीपासून क्विझची सुरुवात अशीच व्हायला लागली, आधी घंटा, मग टीमची हजेरी, आणि जे कुणी गाव सोडून गेलं असेल, लग्न होऊन लांब गेलं असेल, त्यांचं पण नाव घ्यायचं आणि दोन क्षण थांबायचं. कुणी ठरवलं नव्हतं, एका मुलाने केलं आणि ते राहिलं.

'द कॉन्सर्ट फॉर बांग्लादेश' आला की आजोबा मंडळी पुढे सरसावायची. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, स्टेजवर रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. प्रश्न, पहिली टाळी कशाला पडते? वाद्यं जुळवण्याला! लोकांना वाटलं हेच वादन. रविशंकर हसून म्हणतात की जुळवणं एवढं आवडलं असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. हे अल्बमवर तसंच ठेवलंय, कापलेलं नाही, आणि त्या तीन रेकॉर्डच्या संचाला १९७३ मध्ये अल्बम ऑफ द इयर मिळालं.

मग कव्हरची फेरी. सार्जंट पेपरच्या कव्हरवरच्या गर्दीत कोण असणार होतं आणि शेवटी नाही? महात्मा गांधी. भारतात लोक दुखावतील या भीतीने कंपनीने काढायला लावलं. हे दिसत नाही असा कुणीतरी आक्षेप घेतला तर काका म्हणाले नसलेली जागा पण बघायला शिका. रोलिंग स्टोन्स बँडच्या 'स्टिकी फिंगर्स'च्या कव्हरवरच्या पँटच्या फोटोला खरी चेन, म्हणजे झिप, लावलेली होती, तिने रेकॉर्डवर व्रण पडायचे, मग ती अर्धी उघडून ठेवायला लागले म्हणजे दाब मधल्या लेबलवर येतो, काकांनी आपल्या रेकॉर्डवरचा व्रणच दाखवला.

आणि लेड झेपलिन या बँडचा चौथा अल्बम. १९७१, पुढच्या कव्हरवर नाव नाही, बँडचं नाही, अल्बमचं नाही, नुसती पोपडे आलेली भिंत आणि फ्रेममध्ये पाठीवर काटक्यांची मोळी घेतलेला वाकलेला म्हातारा. प्रश्न होता, फ्रेममध्ये काय आहे? काकांच्या कार्डावर उत्तर तैलचित्र, तेव्हा सगळीकडे हेच सांगितलं जायचं. आमच्या टीममधली ताई उठली आणि म्हणाली, "काका, हा फोटो आहे, रंगवलेला. चित्रातला माणूस असा उभा राहत नाही, हा थांबलाय, कुणीतरी थांब म्हटल्यावर थांबतो तसा." काकांनी कव्हर डोळ्यांजवळ नेलं, बराच वेळ बघितलं, पण कार्डाप्रमाणे गुण शून्य. ताई वाद घालत बसली नाही. पण तिला वाईट वाटलं होतं, मी शेजारीच होते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये बातमी आली. इंग्लंडमध्ये ब्रायन एडवर्ड्स या संशोधकाला १८९२ चा एक जुना फोटोंचा अल्बम सापडला आणि त्यात हा म्हातारा. फोटोच होता, रंग नंतर भरलेला. अर्नेस्ट फार्मरने काढलेला, आणि म्हातारा म्हणजे बहुधा विल्टशरचा लॉट लाँग, गवताने घरं शाकारणारा.

पुढच्या गॅदरिंगला काका काठी टेकत स्टेजवर आले, घंटा झाली, हजेरी झाली, ताईचं नाव घेतलं, ती परदेशात, दोन क्षण शांतता. मग त्यांनी पिशवीतून जुनी वही काढली. ते पान शोधलं, शून्यावर रेघ मारली, शेजारी १० लिहिलं, सही केली, तारीख टाकली. मला वर बोलावून वही धरायला दिली आणि ताईला फोन लावायला सांगितलं. तिने उचलला तेव्हा तिच्याकडे पहाट होती. काका म्हणाले, "तू बघितलं होतंस गं, मी वाचलेलं सांगितलं." ती काही बोलेना. काकांनी फोन स्पीकरच्या दिशेने धरायला लावला आणि त्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं लावलं, ज्याचे ड्रम इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याखाली ठेवून वरून माइक सोडून भरलेत. पहिला ठोका पडला, हॉलच्या खिडक्या थरथरल्या, आणि फोनमधून ताईचा आवाज आला, "काका, जिना ऐकू येतोय."