तुम्ही विचारलंत म्हणून : बुधच का?

जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मी बुधाचा फोटो टाकला की अर्ध्या तासात कोणीतरी विचारतंच, "बाई, चांद्रयान झालं, मंगळयान झालं, तुम्ही आपल्या बुधालाच धरून बसलात. का हो?" त्याखाली लगेच दुसरा, "बाई, पत्रिकेत कितव्या घरात आहे तुमचा बुध?" पत्रिकेचं ठाऊक नाही. दिसायचा असला की आमच्या गच्चीवरून दिसतो, पश्चिमेला, पाण्याच्या टाकीच्या डावीकडे, जेमतेम अर्धा-पाऊण तास. इतकी वर्षं मी हसण्यावारी नेलं. आज लिहितेच.

साल 1988. आठवीचा वर्ग, सूर्यमालेचा धडा. मी फळ्यावर लिहिलं, 'बुधाची एकच बाजू कायम सूर्याकडे असते.' कुठल्या पुस्तकात बघून नाही. 1961 साली मी स्वतः आठवीत असताना आमच्या गुरुजींनी हे वाक्य उतरवून दिलं होतं, आणि नोकरीला लागल्यापासून सोळा वर्षं मी ते तसंच पुढे देत होते. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. हातात वाण्याच्या पुडीचा कागद, कुठल्याशा मासिकाचं अर्धं पान, एका कोपऱ्याला तेल लागलेलं. म्हणाली, "बाई, यात लिहिलंय बुध 59 दिवसांत स्वतःभोवती फिरतो. मग एकच बाजू कशी?"

प्रश्न चोख होता. बुधाचं वर्ष 88 दिवसांचं, हे मीच पाच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. एकच बाजू सूर्याकडे राहायची तर स्वतःभोवतीची फेरीही 88 दिवसांचीच हवी. एवढं त्या पोरीला अर्ध्या पानावरून उमगलं होतं. मी म्हटलं, "पुडीतलं शास्त्र घरी ठेवायचं. उद्या शेंगदाण्याच्या कागदावरून आम्हाला इतिहास शिकवशील." वर्ग हसला. वाक्य झकास जमलं असं मला तेव्हा वाटलं, हेही सांगून टाकते. तिने कागदाची घडी घातली, त्या घडीची आणखी एक, मग आणखी एक, कंपासपेटीत बसेल एवढी. सहामाहीला 'रिकाम्या जागा भरा'मध्ये बुधाचा प्रश्न मीच काढला. तिने 59 लिहिलं. मी लाल पेनाने खोडून 88 केलं. एक मार्क गेला.

दोन वर्षांनी शिक्षकांच्या शिबिरात एक व्याख्याते बोलता बोलता सहज म्हणाले की पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रडारने 1965 सालीच बुधाची फेरी मोजली, साधारण 59 दिवस. चहाची सुट्टी झाली, मी जागेवरून उठले नाही.

रात्री स्वयंपाकघरात फरशीवर वाटी ठेवली, ती सूर्य. लिंबाला एक लवंग खोचली आणि लवंग वाटीकडे करून सुरुवात केली. वाटीभोवती एक फेरी, तेवढ्यात लिंबाची स्वतःभोवती दीड. फेरी संपली तेव्हा लवंगेची वाटीकडे पाठ, म्हणजे तिथे मध्यरात्र. दुसरी फेरी, पुन्हा दीड गिरकी, आणि लवंग पुन्हा वाटीसमोर. दोन वर्षं सरली तेव्हा कुठे तिथला एक दिवस झाला, एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत आपले 176 दिवस. चार वेळा करून पाहिलं. हे दारात येऊन म्हणाले, "कोणाची दृष्ट काढतेस?"

आता माझी बाजू. शियापारेलीसारख्या खगोलशास्त्रज्ञाने 1889 साली सांगितलं की बुध एकच तोंड सूर्याकडे ठेवतो, आणि पुढची 75 वर्षं बहुतेकांनी ते मानलं. त्यांचीही फसगतच झाली. पृथ्वीवरून बुध नीट बघता येतो, तेव्हा बऱ्याचदा त्याची तीच बाजू उजेडात असते. मरिनर 10 यान 1974-75 मध्ये तीन वेळा जवळून गेलं, तेही दर 176 दिवसांनी. म्हणजे तिन्ही वेळा लवंग जागच्या जागीच! निम्म्याहून कमी बुध टिपला गेला, बाकीचा बघायला 2008 साली मेसेंजर यानाला जावं लागलं. असा हा ग्रह. तिथे तालुक्याच्या गावातल्या एका मास्तरणीने काय करायचं?

हे मी मनाशी अनेकदा म्हटलंय. मग आतली दुसरी बाई म्हणते, शियापारेलीने कोणाला वर्गात हसं केलं नव्हतं. आणि वाचनालय शाळेपासून दहा मिनिटांवर होतं.

1997 साली ती एसटी स्टँडवर भेटली. कडेवर मूल. "बाई, ओळखलंत?" म्हणून वाकून नमस्कार केला. गाडी यायला वीस मिनिटं होती. मी सासरचं विचारलं, मुलाचं नाव विचारलं, पाऊसपाण्याचंही बोलून झालं. बुधाचं काढलं नाही. ती विसरली असेल, कशाला उकरून काढायचं, असं वाटलं. खरं तर विसरली नसेल याचीच भीती होती. गाडी आली.

तेव्हापासून बुधाचं जे हाताला लागेल ते वाचते. "चंद्रासारखाच तर दिसतो" असं कोणी म्हटलं की मात्र डोकं फिरतं. दिवसा 430 अंश सेल्सिअस तापणाऱ्या या ग्रहाच्या ध्रुवांपाशी, जिथे ऊन कधीच पोचत नाही अशा विवरांत बर्फ आहे. पोटात लोखंडाचा एवढा मोठा गोळा की बाकीचा ग्रह म्हणजे त्यावरची साल. तो गोळा निवत गेला, ग्रह आक्रसला, त्रिज्या सुमारे सात किलोमीटरपर्यंत घटली, आणि साल दुमडून शेकडो किलोमीटर लांबीचे कडे उभे राहिले. विवरांना व्यास, वाल्मीकी, कालिदास, त्यागराज अशी नावं आहेत. 2018 साली निघालेलं बेपीकोलंबो यान सहा वेळा बुधाजवळून जाऊन आलं, आणि ठरल्याप्रमाणे नोव्हेंबर 2026 मध्ये त्याच्या कक्षेत शिरायचं आहे. एवढी वर्षं का? सूर्याच्या दिशेने जाताना वेग वाढतच जातो, सगळी मेहनत तो कमी करण्याची. फोटो येतील. मी टाकणार.

ती या ग्रुपवर आहे की नाही, माहीत नाही. बरेच नंबर माझ्याकडे नावाशिवाय आहेत, डीपीला गणपती नाहीतर गुलाब. त्यातल्या एका नंबरावरून बुधाच्या प्रत्येक फोटोला अंगठा येतो, दुसऱ्या कशालाच नाही. कोण म्हणून विचारावं असं दर वेळी मनात येतं. अजून विचारलेलं नाही.