एफडीच्या पावत्या
आज बाबांसोबत विश्रामबागच्या बँकेत तीन तास गेले. ह्यांचा अमेरिकेतला पगार मला कायमचं तिकडे नेण्यासाठीच्या स्पॉन्सरशिपच्या अटीला, म्हणजे तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांना, थोडा कमी पडतोय. पण नवरा अमेरिकन नागरिक असला की कमी पडणाऱ्या रकमेच्या ३ पट मालमत्ता दाखवता येते (ग्रीन कार्डवाला असेल तर ५ पट!). आणि आय-८६४ फॉर्मात (म्हणजे स्पॉन्सरच्या आर्थिक हमीपत्रात) बायकोची स्वतःची मालमत्ताही धरतात, फक्त ती वर्षाच्या आत रोखीत बदलता यायला हवी. मग काय, माझ्या एफडीच्या पावत्या बाहेर काढल्या. सात वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे आहेत ते. बॅलन्स सर्टिफिकेटवर शिक्का पडला तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "स्वतःच्या कष्टावर चाललीस गं." मला बोलवेना. येताना गणपती मंदिरात पेढे ठेवले. फ्लॅटचं व्हॅल्युएशन अजून बाकी आहे.